बाळाचा पहिला परदेश प्रवास: कागदपत्रं आणि आरोग्यविमा कोणत्या क्रमाने कराल

स्वस्त भाडं दिसलं म्हणून आधी तिकीट काढायचं आणि मग कागद जमवायला पळायचं, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. बाळाच्या बाबतीत प्रत्येक कागद आधीच्या कागदावरून तयार होतो. जन्मदाखल्यावरून पासपोर्ट, पासपोर्टवरून व्हिसा, विमा आणि तिकीट. दाखल्यातली एका अक्षराची चूक शेवटच्या कागदापर्यंत पोचते, आणि ती दुरुस्त करायला पुन्हा पहिल्या खिडकीवर जावं लागतं.

हा लेख भारतीय नागरिक असलेल्या, दोन वर्षांखालच्या बाळाच्या छोट्या प्रवासासाठी आहे: दुबईला बाबांकडे, सिंगापूरला आत्याकडे, युरोपात किंवा अमेरिकेत काही आठवडे. हाताशी चार महिने ठेवा. दाखला आणि पासपोर्ट तयार असेल तर दोन महिन्यांत निभावतं. अमेरिकेच्या व्हिसाला मात्र हा हिशोब लागू नाही.

टप्पा १: जन्मदाखला, नावासकट

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, तुम्ही राहता तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर हे आधीच लक्षात घ्या. घर पुण्यात आणि बाळ सांगलीला जन्मलं, तर दाखला सांगलीच्या महापालिकेचा. दुरुस्तीही तिथेच.

नोंद २१ दिवसांत झाली तर शुल्क नाही. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे वर्षभरापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. रुग्णालयात जन्म झाला असेल तर नोंद रुग्णालयच पाठवतं, त्यामुळे मुदतीची अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती नावाची. बारसं व्हायच्या आधीच नोंद गेलेली असते आणि बाळाच्या नावाची जागा रिकामी राहते. असा दाखला पासपोर्टला चालत नाही. नोंदणीपासून वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर शुल्क भरून.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड किंवा बाल आधार त्याच्या जागी घेत नाहीत.

नाव घालताना तीन गोष्टी घरी बसून कागदावर लिहून काढा, खिडकीवर उभं राहून ठरवू नका.

- बाळाचं पूर्ण नाव इंग्रजीत कसं लिहायचं. 'विहान'मध्ये 'ए' एक की दोन, हे आत्ताच ठरवा आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तेच ठेवा. मराठी नाव बरोबर असून इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीने पडलं, असं सर्रास होतं.
- मधलं नाव. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं. दाखल्यावर नुसतं 'विहान' आणि पुढे पासपोर्टवर 'विहान सचिन जाधव' असं करायला गेलात तर प्रश्न विचारले जाऊ शकतात. दाखल्यावरच पूर्ण नाव घाला.
- आईचं नाव. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं आणि दाखल्यावर रुग्णालयाने तिसरंच काही लिहिलेलं, ही सगळ्यात जास्त आढळणारी गाठ. आईचं नाव तिच्या पासपोर्टप्रमाणेच लिहून घ्या. पासपोर्टवरचं नाव बदलायचं असेल तर ते आधी बदला, मगच बाळाचा अर्ज करा.

तपासा: दाखला हातात पडल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर, जन्मतारीख, लिंग आणि आईवडिलांची नावं त्यांच्या पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर अक्षर वाचा. दोन-तीन मूळ प्रती घ्या. दाखल्याला लॅमिनेशन करू नका.

टप्पा २: पासपोर्ट

अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावरच भरा. हुबेहूब तशी दिसणारी खासगी संकेतस्थळं जादा पैसे उकळतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघा. भारतातल्या कुठल्याही पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करता येतो, टपाल कार्यालयातली छोटी केंद्रंही चालतात. जिल्ह्याच्या गावी असलेल्या केंद्रात तारीख अनेकदा मुंबई-पुण्यापेक्षा लवकर मिळते.

अल्पवयीनांच्या ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,००० रुपये. ८ वर्षांखालच्या मुलांना नव्या अर्जावर १० टक्के सूट असल्याने ९०० रुपये भरायचे. तत्काळसाठी वर २,००० रुपये. हा पासपोर्ट ५ वर्षांचा असतो.

अर्ज भरताना हमखास चुकणाऱ्या जागा:

- 'गिव्हन नेम'मध्ये बाळाचं आणि वडिलांचं नाव, 'सरनेम'मध्ये फक्त आडनाव. सगळं पहिल्या रकान्यात कोंबून आडनावाचा रकाना रिकामा सोडला तर पुढे व्हिसाच्या अर्जात आणि तिकिटात डोकेदुखी होते.
- १८ वर्षांखालील मुलं नॉन-ईसीआर गटात येतात, म्हणजे परदेशी जाताना स्थलांतराची वेगळी मंजुरी लागत नाही अशा गटात. तिथे चुकीचा पर्याय टिचकला जातो.
- सध्याचा पत्ता. बाळ-बाळंतीण माहेरी असताना अर्ज केला आणि पत्ता सासरचा दिला, तर स्पीड पोस्ट बंद दारावरून परत जातं. पासपोर्ट येईल तेव्हा त्या घरी कोणीतरी असलं पाहिजे.

केंद्रावर न्यायचे कागद: जन्मदाखला, आई आणि वडील दोघांचेही मूळ पासपोर्ट, त्यांच्या पहिल्या व शेवटच्या पानांच्या सही केलेल्या प्रती, पत्त्याचा पुरावा आणि अ‍ॅनेक्शर डी. अ‍ॅनेक्शर डी म्हणजे दोघा पालकांनी सही केलेलं घोषणापत्र. ते साध्या कागदावर चालतं. केंद्राबाहेरचे एजंट त्यासाठी स्टॅम्प पेपर आणि नोटरी गळ्यात मारतात, ते करू नका. दोघांपैकी एक परदेशात असेल तर त्याने तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वकिलातीत प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून पाठवायचं आणि इथल्या पालकाने अ‍ॅनेक्शर डी द्यायचं. एकाच पालकाची संमती मिळू शकत असेल (घटस्फोट, विभक्त राहणं वगैरे) तर अ‍ॅनेक्शर सी लागतं.

४ वर्षांखालच्या मुलांचा फोटो केंद्रात काढत नाहीत, तुम्हीच न्यायचा: ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. घरी काढायचा तर बाळाला पांढऱ्या, सुरकुत्या नसलेल्या चादरीवर उताणं झोपवा, खिडकीचा उजेड समोरून येऊ द्या आणि फोन बरोबर वरून धरा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, दोन्ही कान मोकळे, टोपडं नाही. आधार देणारा हात चौकटीत येता कामा नये. आणि काजळ, तीट, गालबोट सगळं आधी पुसा. कपाळावरच्या काळ्या टिक्क्यामुळे फोटो नाकारला जाऊ शकतो, आणि आजीला ते पटवणं हे या टप्प्यातलं सर्वांत अवघड काम आहे.

आईवडिलांचे पासपोर्ट चालू असतील तर बाळासाठी पोलीस पडताळणी बहुधा लागत नाही आणि काम लवकर होतं.

तपासा: पासपोर्ट घरी आल्या आल्या नाव, जन्मतारीख, लिंग, जन्मस्थळ आणि शेवटच्या पानावरची आईवडिलांची नावं वाचा. चूक असेल तर आत्ताच कळवा. त्या पासपोर्टवर एकदा व्हिसा उमटला की दुरुस्ती म्हणजे दोन्ही पुन्हा.

टप्पा ३: बालरोगतज्ज्ञांची भेट, निघण्याच्या ६ ते ८ आठवडे आधी

ही भेट लोक निघण्याच्या आदल्या आठवड्यात ठेवतात आणि तेव्हा फारसं काही करता येत नाही. लशीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात आणि काही लशींच्या दोन डोसांत चार आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं.

डॉक्टरांना देश, तारखा आणि परतीचा दिवस सांगा, आणि हे विचारा:

१. गोवर. आपल्याकडे पहिला डोस ९ महिन्यांना असतो. त्याआधी निघणार असाल तर ६ महिने पूर्ण झालेल्या बाळाला प्रवासाआधी एक जादा डोस द्यावा अशी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेची शिफारस आहे. हा डोस नेहमीच्या वेळापत्रकात मोजत नाहीत. पुढचे डोस ठरल्याप्रमाणे द्यावेच लागतात.

२. फ्लू. ६ महिन्यांपासून देता येते. पहिल्यांदा घेताना ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

३. ६, १० आणि १४ आठवड्यांपैकी एखादा डोस प्रवासात येत असेल तर तो कधी द्यायचा. परदेशात विम्यातून लसीकरणाचा खर्च सहसा मिळत नाही.

४. केनिया, युगांडा, नायजेरिया अशा पीतज्वराच्या (यलो फीव्हर) देशांत जाणार असाल तर बाळाचं वय. ही लस साधारणपणे ९ महिन्यांनंतर देतात, ६ महिन्यांच्या आत देतच नाहीत, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. ती फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते. बाळ लहान असेल तर हा प्रवास पुढे ढकलणं हाच शहाणपणा.

निघताना डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत एक पानी पत्र घ्या: जन्माच्या वेळचं आणि आताचं वजन, दिलेल्या लशी तारखांसह, अ‍ॅलर्जी, चालू औषधं त्यांच्या मूळ (जेनेरिक) नावांसह. माता-बाल संरक्षण कार्डावरचे मराठीतल्या हाती लिहिलेल्या नोंदी परदेशातल्या डॉक्टरला वाचता येत नाहीत. यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर नोंद झालेली असेल तर तिथलं डिजिटल प्रमाणपत्रही उतरवून ठेवा.

टप्पा ४: विमा

इथे दोन वेगळे विमे आहेत आणि लोक ते एकच समजतात. तुमची भारतातली कुटुंबाची आरोग्य पॉलिसी बहुधा देशाबाहेरचा खर्च देत नाही. आणि प्रवास विमा परत आल्यानंतरचे उपचार सहसा देत नाही. बाळाला दोन्ही हवेत.

आधी घरची पॉलिसी. बाळ आपोआप त्यात येत नाही. बऱ्याच फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असलेल्या) पॉलिसींत नवजात बाळाला ९० दिवसांनंतर घेतात. मातृत्व लाभ असलेल्या काही पॉलिसींत पहिल्या दिवसापासून, पण कळवलं तरच. नोकरीच्या ठिकाणचा गट विमा असेल तर एचआरला कळवण्याची मुदत छोटी असते. लेखी कळवा, बाळाचं नाव असलेलं ई-कार्ड मागा.

मग प्रवास विमा. पहिला प्रश्न किमान वयाचा. अनेक भारतीय कंपन्या ३ महिने किंवा ९१ दिवसांखालच्या बाळाला घेत नाहीत, काही ६ महिन्यांची अट घालतात. १० मार्चला जन्मलेल्या बाळाचे ९० दिवस ८ जूनला पूर्ण होतात. ५ जूनचं विमान असेल तर संकेतस्थळ जन्मतारीख स्वीकारणार नाही, आणि तिथे चुकीची तारीख टाकून पुढे गेलात तर दावा नाकारला जाईल. चार दिवस पुढचं तिकीट घ्या.

पॉलिसी निवडताना हप्त्याची रक्कम शेवटी बघा. आधी हे:

- क्षेत्र. 'अमेरिका व कॅनडा वगळून' असा पर्याय स्वस्त दिसतो. अमेरिकेत विमान बदलणार असाल, तर त्या थांब्यासाठी तो चालतो का ते विचारा.
- रक्कम. शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) किमान ३०,००० युरो, आणि ती सर्व शेंगेन देशांत, पूर्ण मुक्कामासाठी, मायदेशी आणण्याच्या खर्चासह लागू असावी लागते. अमेरिकेसाठी अडीच लाख डॉलरच्या खाली जाऊ नका. तिथे बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं तर ५० हजार डॉलर पुरत नाहीत.
- वगळलेल्या गोष्टी. जन्मजात दोष, आधीपासूनचे आजार, नेहमीच्या तपासण्या आणि लसीकरण साधारणपणे वगळलेलं असतं. 'जन्मजात' या शब्दाखाली काय काय येतं ते पॉलिसीच्या मजकुरात वाचा.
- वजावट आणि पोटमर्यादा. वजावटीची रक्कम प्रत्येक दाव्यात तुमच्या खिशातून जाते. खोलीभाडं, डॉक्टरांची फी यांवर वेगळ्या मर्यादा आहेत का?

प्रस्ताव अर्जातला आरोग्याचा प्रश्न घाईत 'नाही' म्हणून पुढे ढकलू नका. मुदतपूर्व जन्म, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काढलेले दिवस, हृदयाच्या इकोमध्ये दिसलेलं लहानसं छिद्र, हे सगळं लिहा. कावीळ होऊन दोन दिवस प्रकाशोपचार झाले असतील तेही लिहा. त्यामुळे सहसा पॉलिसी अडत नाही, लपवल्याने मात्र दावा अडतो.

तारखा निघण्याच्या दिवसापासून भारतात परत उतरण्याच्या दिवसापर्यंत घ्या आणि शेवटी दोन-तीन दिवस जादा जोडा. अमेरिकेहून परतताना तारीख बदलते, विमान चुकलं तर आणखी एक दिवस जातो. मुदत वाढवायची तर ती संपण्याआधी; संपल्यावर वाढवून मिळत नाही.

तपासा: पॉलिसीवर बाळाचं स्वतंत्र नाव, पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख छापलेली आहे का? 'आईबरोबर बाळ आलंच' असं विम्यात नसतं.

टप्पा ५: व्हिसा

बाळाला स्वतंत्र व्हिसा लागतो, कडेवर असलं तरी. शेंगेन व्हिसाचं शुल्क ६ वर्षांखालच्या मुलांना माफ आहे, मोठ्यांना ९० युरो. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क त्याखेरीज. अर्जावर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला मात्र तान्ह्या बाळालाही मोठ्यांइतकेच १८५ डॉलर. शेंगेनसाठी १२ वर्षांखाली आणि अमेरिकेसाठी १४ वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत. अमेरिकेच्या फोटोचं माप २ बाय २ इंच, त्यामुळे पासपोर्टसाठी काढलेला फोटो तिथे चालत नाही. बाळाचा फोटो सहा महिन्यांत ओळखू येईनासा होतो, नवा काढा.

शेंगेनला विमा अर्जासोबतच जोडावा लागतो. म्हणून व्हिसा नाकारल्यास रद्द करता येणारी पॉलिसी घ्या.

सिंगापूर, मलेशिया आणि थायलंडला पोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं असतं. ते बाळाचंही वेगळं भरा. आईवडिलांचं भरलं आणि बाळाचं राहिलं, ही चूक विमानतळावर काउंटरसमोर कळते.

टप्पा ६: तिकीट

आता तिकीट. नाव पासपोर्टप्रमाणे. २ वर्षांखालच्या बाळाला मांडीवरचं तिकीट मिळतं, पण परतीच्या तारखेआधी बाळ २ वर्षांचं होणार असेल तर परतीला स्वतंत्र आसन घ्यावं लागतं. पाळण्याची जागा तिकिटासोबत मिळत नाही. कंपनीला फोन करून नोंदवा आणि वजन-लांबीची मर्यादा विचारा. अगदी नवजात बाळासाठी डॉक्टरांचं प्रवासयोग्यतेचं पत्र लागतं का, तेही त्याच फोनमध्ये. बाळ असताना वेब चेक-इन अनेकदा होत नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

टप्पा ७: एकच पालक बरोबर असेल तर

आई एकटी बाळाला घेऊन निघते आणि बाबा तिकडे आधीच असतात, किंवा बाळ आजी-आजोबांबरोबर जातं. अशा वेळी बरोबर नसलेल्या पालकाचं (आजी-आजोबांबरोबर असेल तर दोघांचंही) इंग्रजीत, नोटरी केलेलं संमतिपत्र ठेवा. त्यात बाळाचं नाव व पासपोर्ट क्रमांक, कोणाबरोबर, कुठे, कोणत्या तारखांना, आणि संमती देणाऱ्याचा चालू फोन नंबर. 'गरज पडल्यास वैद्यकीय उपचारांना संमती द्यायचा अधिकार' हे वाक्य जरूर घाला; रुग्णालय विचारतं ते यासाठीच. सोबत जन्मदाखला आणि सही करणाऱ्याच्या पासपोर्टची प्रत. कॅनडासारखे देश अशा पत्राची स्पष्ट शिफारस करतात. महाराष्ट्रात स्टॅम्प पेपर वापरायचा तर ऑक्टोबर २०२४ पासून किमान ५०० रुपयांचा.

टप्पा ८: औषधं आणि हातातली फाईल

औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. पॅरासिटामॉलबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून बाटलीला चिकटवा. आपल्याकडच्या लहान मुलांच्या थेंबांत साधारणपणे १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. अमेरिकेतल्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम. ८ किलोच्या बाळाला डॉक्टरांनी १२० मिलिग्रॅम सांगितलं असेल तर आपले थेंब १.२ मिलिलिटर, तिकडचं सिरप ३.७५ मिलिलिटर. तिकडच्या बाटलीवर वाचलेले ३.७५ मिलिलिटर जर इकडच्या थेंबांच्या बाटलीतून दिले, तर तिप्पट औषध पोटात जातं. डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, बाटली एकच वापरा.

३ महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर औषध देऊन वाट बघू नका, थेट डॉक्टरकडे.

फाईलमध्ये: पासपोर्ट, व्हिसाची छापील प्रत, जन्मदाखला, विमा पॉलिसी, डॉक्टरांचं पत्र, संमतिपत्र. सगळ्याच्या प्रती दुसऱ्या बॅगेत आणि फोनमध्ये, नेट नसतानाही उघडतील अशा.

टप्पा ९: तिकडे बाळ आजारी पडलं तर

जीवाला धोका असेल तर आधी रुग्णवाहिका: युरोपात ११२, अमेरिकेत ९११, यूएईत ९९८, सिंगापूरला ९९५. इतर वेळी दवाखान्यात जाण्याआधी पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन करा. कॅशलेस रुग्णालय तेच सांगतात आणि दाव्याचा क्रमांकही तिथेच मिळतो. भरती करावी लागली तर २४ तासांत कळवणं बहुतेक कंपन्या बंधनकारक ठेवतात. ज्याच्याशी बोललात त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा.

निघताना रुग्णालयातून तपशीलवार बिल, पैसे भरल्याची पावती, डॉक्टरांच्या नोंदी किंवा डिस्चार्ज समरी आणि औषधांच्या चिठ्ठ्या मूळ स्वरूपात घ्या. नुसत्या कार्डाच्या स्लिपवर दावा मंजूर होत नाही, आणि भारतातून ईमेलवर हे कागद मागवायला महिने लागतात. बोर्डिंग पास टाकून देऊ नका. प्रवास झाल्याचा पुरावा म्हणून बाळाचाही मागतात.